अठरा जीबी पडीत

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

कॉम्प्युटर सुरू केला आणि माझी बाजूच नाही!

रोज बटण दाबलं की आधी काळ्या पडद्यावर यादी येते. वरच्या ओळीत लिनक्स, खालच्या ओळीत विंडोज. बाणाने ओळ निवडायची, एंटर दाबायचं. वरची बाजू माझी, खालची रवीची. अश्वजितने मे महिन्यात पुण्याहून येऊन तशी वाटणी करून दिली होती — "आई, इकडे मराठी नीट लिहिता येतं आणि व्हायरस येत नाही. रवीला तिकडे सिनेमे पाहू दे." सहा महिने बिनतक्रार चाललं. आज यादी नाही. थेट विंडोजची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ.

रवी म्हणाला, "आत्या, धरमसिंगकडून फॉरमॅट मारून आनला. लय स्लो झालता. आता पाह्य कसा पयते!"

मला न विचारता! मी बँकेत गेले होते, पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला द्यायला. तेवढ्यात याने नेला आणि आणला.

माझ्या बाजूला एक्केचाळीस जबाब होते. एकशे बारा फोटो होते. सत्तावीस तारखेला यवतमाळला ग्राहक मंचात सुनावणी आहे. दुसरी प्रत कुठेही नाही.

पेनाचं टोक कागदात घुसतंय. रागाने. भीतीने नव्हे — असं लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

रवीच्या मागे स्कूटरवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन बसले आणि दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. बसस्टँडमागचं धरमसिंगचं दुकान — कुठलाही रोग न्या, औषध एकच, फॉरमॅट. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. रवी स्कूटरपाशी थांबला.

"मॅडम, मी तं विंडोजच्या तेवढ्याच भागावर फॉरमॅट मारला. बाकीची जागा पडीत हाय."

"पडीत म्हणजे?"

"म्हंजे काईच नाई तिथं. नाव नाई, अक्षर नाई. चाळीस जीबीतली अठरा जीबी पडीत! म्हना तं घेऊन टाकतो वापरात."

पडद्यावर त्याने पट्ट्या दाखवल्या. एका पट्टीवर नाव होतं, दुसरी कोरी. विंडोजला ओळखता येत नाही म्हणून ती पडीत! बांधावर न जाता घरी बसून सातबाऱ्यावर पेरा लिहिणारे तलाठी मी पाहिले आहेत. हा त्यांचाच भाऊ.

"त्या जागेला हात लावला होतात का? खरं सांगा."

त्याने एकदा बाहेर पाहिलं. म्हणाला, "नाई... म्हंजे नाईच, मॅडम."

खोटं बोलतो आहे. एकतीस वर्षं पोरांना विचारलंय मी, शाई कोणी सांडली म्हणून. हे 'नाई... म्हंजे नाईच' मला चांगलं ठाऊक आहे. जागा नांगरून मोकळी केली असणार आणि आता अंगाशी येतंय.

"आता हात लावाल तर याद राखा," म्हटलं. "नाई लावत जी. काहून रागावता," म्हणाला आणि दाराबाहेर थुंकून आला.

१४ नोव्हेंबर, बुधवार

विठ्ठलराव वकिलांचा यवतमाळहून फोन. "मॅडम, फोटो आणि जबाब मला सव्वीसच्या संध्याकाळपर्यंत हातात पाहिजेत. त्याशिवाय उभा राहून करू काय मी?" मी म्हटलं, मिळतील. खोटं. आता मीही त्याच रांगेत.

जूनमध्ये आमच्या भागातल्या एक्केचाळीस घरांनी एकाच नावाची कापसाची पाकिटं पेरली. शंभर दाण्यांतले दहाही उगवले नाहीत. पाऊस चांगला, शेजारच्या तासातलं दुसरं बियाणं घोट्याच्या वर आलेलं, आणि यांची ओळ कोरी. जुलैत मी कॅमेरा घेऊन बांधाबांधाने फिरले, एकेकाचा जबाब घेतला, घरी येऊन टाइप केला. पुढे लोकांनी वखर फिरवून तूर टाकली. पाकिटं चुलीत गेली. आता शेतात दाखवण्यासारखं काही नाही. तो जुलै फक्त त्या अठरा जीबीत आहे. असेल तर.

आणि असला तरी अर्ज लंगडाच आहे. 'विकणाऱ्याचं नाव' या रकान्यात एक्केचाळीस वेळा एकच उत्तर — आठवत नाही. तालुक्याचं कृषी केंद्र म्हणतं, आमची पावती दाखवा. पावती एकाकडेही नाही. बियाणं घरपोच आलं होतं. विठ्ठलराव म्हणतात, मधला माणूस कोण ते सांगता आलं नाही तर कंपनी म्हणेल हा माल आमचा नाहीच, आणि अर्ज बाद.

आठवत नाही! निम्म्या बाया माझ्या हाताखाली शिकलेल्या. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण काय नेसलं होतं ते सांगतील, आणि पाच महिन्यांपूर्वी दारात कोण आलं ते आठवत नाही! शेजारच्या कोकिळेला — तिचेही दोन एकर गेले — मी तोंडावर म्हटलं होतं, खोटं बोलायचं तर नीट बोल. ती पदराचं टोक पिळत राहिली.

ज्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरावं, ते असे.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

अश्वजितला चार वेळा फोन. उचलत नाही. मीटिंग! परदेशातल्या लोकांचे कॉम्प्युटर पुण्यातून दुरुस्त करतो. आमचं मारेगाव त्याहून लांब असावं.

रवी वणीला गेला होता, आठवणीने माझ्या चष्म्याची काडी बसवून आणली. धाकटा भाऊ गेला तेव्हा हा सहा वर्षांचा होता. तेव्हापासून इथे आहे. एकाला शिकवलं, तो गेला. एक फारसा शिकला नाही, तो राहिला. मी कोणाला यश म्हणावं?

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन आला. "आई, घाबरू नको. बूट मेनू गेला म्हणजे डेटा गेला असं नाही."

कोकिळा ओसरीवर तूर निवडत होती. "बूट गेला? कोनाचा व?"

अश्वजितने समजावलं ते मला पटलं. विंडोज नव्याने बसवलं की ते दारावरची जुनी पाटी काढून फेकतं आणि आपली एकट्याची लावतं. आतल्या खोल्या तशाच असतात. फक्त आत जायचा रस्ता कोणी सांगत नाही. पाटी परत लावायची, की झालं.

"जर त्या जागेवर कोणी काही लिहिलं नसेल तर," तो म्हणाला.

हा 'जर' धरमसिंगच्या गालातल्या खर्ऱ्यासारखा. थुंकताही येत नाही, गिळताही येत नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे, आई."

"मग ये आणि कर."

म्हणाला, नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, डिसेंबरशिवाय सुटी नाही, फोनवरून सांगतो. पाच मिनिटांच्या कामाला त्याच्याकडे पाच मिनिटं नाहीत.

"फक्त लिनक्सची सीडी लागेल. मी पोस्टाने दहा मागवल्या होत्या बघ, फुकट मिळायच्या त्या. आहेत ना?"

"आहेत."

"कुठे ठेवल्यास?"

"शेतात."

तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला.

उकंडाची ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा पाखरं हाकायला चकाकणारं काही द्या म्हणून तो आला होता. सगळेच लावतात शेतात. मीच पुडकं उचलून दिलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला आठ दिवस झोपू दिलं नसतं.

१८ नोव्हेंबर, रविवार

उकंडाच्या शेतात. नाल्याच्या अंगाला काठ्या रोवून दोऱ्याने लटकवलेल्या माझ्या सीड्या. गरगर फिरताहेत, उजेडाचे कवडसे कणसांवरून पळताहेत. आणि काठीच्याच टोकावर एक पोपट बसलेला.

"तुमच्या चकत्यायले पाखरं भेत नाई आता, बाई. पयले चार दिवस भेली. आता त्याच्यात पाहून भांग पाडते!"

मी हसले नाही. तो एकटाच हसला.

दोन वाऱ्याने कुठे गेल्या ते ठाऊक नाही. पाच काठीवर आपटून खरवडलेल्या. तीन जरा बऱ्या. उकंडा दोरा सोडवत म्हणाला, "याच्यात काय हाय एवढं?"

"तुझा जबाब आहे."

"मंग तं मी सोताच सोताले टांगलं म्हना की!"

त्याचेही तीन एकर गेले जूनमध्ये. जाता जाता त्यालाही विचारलं, बियाणं कोणी दिलं होतं रे? "आता कायले बाई... झालं ते झालं." आणि कणसं मोडायला लागला.

घरी येऊन साबणाच्या पाण्याने धुतल्या. जुन्या सुती लुगड्याने पुसल्या.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दहा ते दोन वीज नाही. दोन ते चार प्रयत्न. पहिली सीडी अर्ध्यात घरघरून थांबली. दुसरी जशी काही आत गेलीच नाही. चारला परत वीज गेली.

२० नोव्हेंबर, मंगळवार

तिसरी चालली! मातकट रंगाचा पडदा आला. पण तो सीडीचा, माझा नव्हे. अश्वजित म्हणतो, आतल्या डिस्कचं चित्र दिसायला हवं. दिसत नाही. रवी मागे उभा राहून पाहत होता. "तिथं काईच नाई, आत्या. धरमसिंग बरोबर सांगून राह्यला होता."

२१ नोव्हेंबर, बुधवार

फोन पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. वायर पुरत नाही. मोबाइलला रेंज नाही. म्हणून कोकिळेला फोनपाशी बसवलं. अश्वजित तिला सांगणार, ती मला ओरडून सांगणार, मी टाइप करणार. पाच मिनिटांचं काम.

"म्हनते का, काळी खिडकी उघडा! उघडली का? ... उघडली रे अश्वजित!"

"सुडो. मंग जागा सोडा. मंग ग्रब. — ग्रब रे बाप्पा, का गरब?"

ग्रब. शब्द ओळखीचा वाटला म्हणून उठून शब्दकोश पाहिला. ग्रब म्हणजे अळी! या मुलखात माणसं पाठीवर पंप बांधून अळी मारता मारता म्हातारी झाली, आणि मी, सत्यशीला नगराळे, बी.ए. बी.एड., साठाव्या वर्षी घरात अळी बसवते आहे. कोकिळेला सांगितलं. ती एवढ्या मोठ्याने हसली की अश्वजित पुण्यात विचारू लागला काय झालं.

"फाइंड! मंग जागा सोडा! मंग तिरपी रेघ! — कोन्या अंगाले पडलेली रे? ... प्रश्नचिन्हाच्या घरातली, बाई! मंग बूट. मंग परत तिरपी रेघ. ग्रब. तिरपी रेघ. स्टेज वन!"

एंटर दाबलं. उत्तर आलं — एरर पंधरा, फाइल सापडली नाही.

पुन्हा. एरर पंधरा. तिसऱ्यांदा एकेक अक्षर म्हणत टाइप केलं. एरर पंधरा.

कोकिळेने सांगितलं त्याला. मग ती जसंच्या तसं ओरडली, फक्त आवाज खाली गेला होता, "म्हनते का... मंग कदाचित सगळंच फॉरमॅट झालं असन, आई."

त्याचा 'आई' तिच्या तोंडून ऐकला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो जवळून आला, आणि निरोप हा.

वीज गेली.

रवीने चहा करून आणला. "जाऊ दे न आत्या. कायले जिवाले लावून घेतं? केस मागं घे. लोकायले नावं आठवत नाई, सोताच्या वावरात काय पेरलं ते आठवत नाई, अन् तू यायच्यासाठी मरून राह्यली. तुयं काय गेलं त्याच्यात?"

पहिल्यांदाच वाटलं, खरंच, माझं काय गेलं?

धरमसिंगला मी सोडणार नाही. माझा जुलै नांगरला त्याने.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

चूक माझी!

सकाळी कालचा कागद पाहिला. कॅलेंडरच्या पाठीवर मी एकेक आज्ञा उतरवून घेतली होती. शेवटची — 'स्टेज', आणि त्याला जोडून 'वन'. कोकिळा ओरडली "वन", मी इंग्रजीत ओ, एन, ई लिहिलं. तिन्ही वेळा तेच टाइप केलं. एकचा आकडा हवा होता! नुसता १! एकतीस वर्षं शुद्धलेखन घालत आले. 'ऐकलं ते लिहू नका, समजलं ते लिहा' म्हणून छड्या दिल्या.

रवी बाहेर गेला होता. दहाच्या आत वीज होती. एकटीने केलं. काळी खिडकी. सुडो ग्रब. फाइंड, तिरपी रेघ, बूट, तिरपी रेघ, ग्रब, तिरपी रेघ, स्टेज, आकडा एक.

एंटर.

एचडी शून्य, चार. एवढंच आलं. म्हणजे पहिल्या डिस्कचा पाचवा भाग — अश्वजितने आधीच सांगून ठेवलं होतं, यात मोजणी शून्यापासून असते. जागा आहे. खोल्या आहेत! पुढच्या दोन आज्ञा कागदावर होत्या. टाइप केल्या. "सक्सीडेड" असं दोनदा आलं. सीडी काढली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला.

यादी आली. वर लिनक्स, खाली विंडोज.

मी काही दाबलं नाही. दहापासून आकडे उतरत गेले, आणि शून्यावर ती आपली आपण आत गेली.

एक्केचाळीस जबाब. एकशे बारा फोटो. कोरी तासं, त्यात उभी माणसं. सगळे जागेवर.

चहा केला. दोन कप प्यायले. कोकिळेला हाक मारून दाखवलं. तिला आनंद व्हायला हवा होता. "बरं झालं बाई," म्हणाली, आणि गेली.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन छापायला धरमसिंगकडे. तालुक्यात रंगीत छापणारा तोच. त्याला काय काय बोलायचं ते चालताना ठरवत होते. आता ते बोलायचं काही उरलं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही खरं बोलला होतात. जागा तशीच होती. मी खोटं धरलं."

तो कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाला, "आता तुमीच इषय काढला तं सांगतो, मॅडम. मी अर्धच खरं बोललो तवा. रवीभाऊ उभे होते न बाहेर."

"मग?"

"रवीभाऊ म्हने, ते अठरा जीबी बी पेरून टाक, काई ठेवू नको, आत्यानंच सांगतलं. मी म्हनलं, मॅडमले फोन लावा एकडाव. तं म्हने लागत नाई. मी म्हनलं, मंग राहू द्या. आमच्या तांड्यात शिवेवर भांडनं पाह्यले मी, मॅडम. दुसऱ्याची जागा मालकाले इचारल्याबिगर नांगरत नसते. पडीत दिसली म्हनून का झालं."

याला मी इथे, याच वहीत, काय काय लिहिलं आहे! खोडत नाही. राहू दे.

रवीला जागा हवी असेल. सिनेमांना. त्याला काय ठाऊक तिथे काय आहे ते. — ठाऊक आहे. रोज रात्री मी टाइप करायचे तेव्हा तोच शेजारी बसून पाखरांची नावं ओळखावीत तशी फोटोतली शेतं ओळखायचा. "हे उकंडाचं. हे सुखीबाईचं."

तरी. आळशी आहे. विचार करत नाही. एवढंच असेल.

२४ नोव्हेंबर, शनिवार

एवढंच नाही.

विठ्ठलरावांसाठी फोटोंमागे नावं लिहीत होते. कागदावर मोठे छापले की पडद्यावर न दिसलेलं दिसतं. सुखीबाई तांड्यातल्या आपल्या शेतात उभी आहे. दोन्ही हातांत फाडलेलं पाकीट छातीशी धरलेलं, देवाचा फोटो धरतात तसं. आणि पाकिटाच्या फाटक्या तोंडातून एक चिठ्ठी वर आलेली. वहीच्या कागदाची. 'पाकीट ३.' खाली तारीख. तारखेखाली दोन रेघा — एक लांब, एक आखूड.

तशा रेघा माझ्या वर्गात मारायचे. मी शिकवल्या. वर्गातल्या सगळ्यांनी सोडल्या, ज्याला मी घरी बसवून गिरवून घेतलं त्याने सोडल्या नाहीत. आणि तो '३', पोटात गाठ पडलेला. सातवीपर्यंत त्या गाठीसाठी मार खाल्लाय त्याने.

भिंग आणलं. भिंगाने काही बदललं नाही.

सुखीबाईला लिहिता-वाचता येत नाही. जबाब घेताना तीही म्हणाली होती, "याद नाई, बाई." मग चिठ्ठी अशी वर काढून का धरली? तोंडाने सांगवेना म्हणून?

कोकिळेला बोलावलं. फोटो पुढे ठेवला. ती बसली नाही.

"किती जणींना ठाऊक होतं?"

"सगळ्यायले."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"तुमालेच कसं सांगाव, बाई? तुमी उनातानात आमच्यासाठी फिरून राह्यल्या, अन् आमी तुमच्याच पोराचं नाव लिवून द्याव?"

"मग घेतलंत कशाला त्याच्याकडून? पावती नाही, दुकान नाही—"

"तुमच्या घरचं बेनं म्हनून तं घेतलं."

मी फोटो पालथा ठेवला. तीच म्हणाली, "तो म्हने, आत्यानं पाह्यलं हाय. मंग कोन पावती मांगन?"

जुलैत मी त्यांना बांधावर उभं करून झापलं होतं — शिकलेल्या असून नाव आठवत नाही, लाज वाटत नाही? त्या खाली पाहत होत्या. मला वाटलं, त्यांना लाज वाटते आहे. त्या माझी लाज झाकत होत्या.

२५ नोव्हेंबर, रविवार

रवी दुपारी जेवायला आला. ताट वाढलं. ताटाशेजारी फोटो ठेवला.

त्याने पाहिला. भात कालवलेला हात तसाच राहिला.

"मले बी फसवलं, आत्या. आदिलाबादच्या मानसानं देल्ले. म्हने कंपनीचंच हाय, फक्त बिल नाई. मी का जानूनबुजून देल्लं?"

"जूनमध्ये फसलास. जुलैत मी फोटो काढत होते तेव्हा तुला कळलं होतं."

"हो."

"आणि नोव्हेंबरात कॉम्प्युटर घेऊन गेलास."

"मले वाटलं, हेच नसलं तं केसच नाई राह्यनार. कोनाचंच काई बिघडनार नाई."

"एक्केचाळीस जणांचं?"

"त्यायचं तं बिघडलंच होतं."

हेच त्याचं गणित. आणि माझ्या रागाची धार इथेच बोथट झाली, कारण त्या बुधवारी वीज गेल्यावर मीही क्षणभर हेच म्हटलं होतं मनात — माझं काय गेलं?

तो हात धुऊन आला. दारात उभा राहिला. "तू नाव नाई टाकनार न, आत्या? अश्वजितदादाचं असतं तं टाकलं असतं का?"

अश्वजितला मी इतकी वर्षं मनातून वजा करत आले, त्याचा फोन सकाळी आला होता. "आई, झालं ना नीट? मी खूप घाबरलो होतो," म्हणाला. त्याला काही सांगितलं नाही.

रवीचं ताट झाकून ठेवलं.

२६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळची वीज होती. यादीतली वरची ओळ निवडली. बेचाळिसावा जबाब टाइप केला, छापून आणला, सही केली. अकराच्या बसने यवतमाळ.

जबाब देणाऱ्याचं नाव : सत्यशीला नगराळे, निवृत्त मुख्याध्यापिका. राहणार : मारेगाव, वॉर्ड क्रमांक ४.

विकणाऱ्याचं नाव : रवी देवानंद तामगाडगे.

राहणार : वरीलप्रमाणे.